पायपेटीवरून दिसणारं नाटक

कोकणच्या जत्रांतल्या दशावतारी नाटकात पेटीवाल्याला तोंड उघडायचं कारण पडत नाही. बाकी सगळे रात्रभर बोलतात. राजा बोलतो, राणी बोलते, नारद तर बोलण्यासाठीच येतो, आणि आख्यानाआधीच्या आडदशावतारातला शंखासुर मालवणीत गावच्या मानकऱ्यांपासून मुंबईहून सुटीला आलेल्या चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांची सालटी काढतो. मी मंचाच्या कडेला बसलेला असतो. शेजारी मृदंगवाला, त्याच्या पलीकडे झांजवाला. पायपेटीचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि कान तर सदाचेच मोकळे. नाटक कसं घडतं हे बघायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. प्रेक्षकाचं लक्ष बोलणाऱ्याकडे असतं, नटाचं स्वतःकडे. मला मात्र पदाची उचल कधी होणार हे हेरायचं असतं, त्यामुळे न बोलणाऱ्या नटावरही डोळा ठेवावा लागतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ हा चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांचं काम लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि शहरातली मंडळी जत्रेत वाट वाकडी करून रंगपटात, म्हणजे आम्ही तोंडं रंगवतो तिथे, डोकावू लागली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: संहिता कोण लिहितं? कोणी लिहीत नाही, म्हटलं की त्यांना ते खरं वाटत नाही. मग दुसरा प्रश्न: तालमी कुठे होतात? तालमी होत नाहीत. यावर ती माणसं हळूच एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, म्हणजे हे सगळे नट केवढे प्रतिभावंत! हेही बरोबर नाही. आमच्यातले काहीजण खरोखर मोठे आहेत, पण बरेचसे माझ्यासारखे, दिवसा कुठेतरी नोकरी नाहीतर शेती-बागायत करणारे, चार बुकं शिकलेले किंवा तीही न शिकलेले. एकेकट्याला उभं करून ‘बोल’ म्हटलं तर पाच मिनिटांत गाडी अडेल. तरी रात्री एक आख्यान उभं राहतं, आणि कधी कधी असं उभं राहतं की आम्हीच अचंबित होतो.

ते कसं, हे सांगायचं तर संध्याकाळपासून सुरुवात करायला हवी.

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा झाली की हंगामाने वेग घेतलाच म्हणून समजा, मग पाऊस तोंडावर येईपर्यंत आज या देवळात, उद्या त्या. गाडी पोचते, पेटारे उतरतात, देवळालगतच्या खोलीत किंवा नुसत्या कनाती लावलेल्या आडोशाला रंगपट लागतो. गणपतीची पूजा होते. मग आपापला आरसा घेऊन एकेकजण भिंतीला टेकतो. आपलं तोंड प्रत्येकाने आपणच रंगवायचं. पूर्वी हेच पेटारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरावे लागत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्या काळातली. आता टेम्पो आहे. बोजा वेगळ्या जातीचा आहे, पण तो विषय इथे नको.

तोंडं अर्धी रंगून होतात तेव्हा मंडळाचे मालक देवस्थानच्या लोकांशी बोलून येतात आणि आजचं आख्यान सांगतात. म्हणजे कथा सांगतात असंही नाही, ती सगळ्यांना येते. ते प्रवेश सांगतात. “जालंदर, तुझो पयलो प्रवेश, दरबार. मगे वृंदा, निरोप. मगे नारद. मगे शंकर आणि तुझा युद्ध. हय विष्णू तुझा रूप घेऊन वृंदेकडे.” असं करत शेवटापर्यंत येतात आणि थांबतात. “काय बोलूचा ता तुमचा तुमी बघा.” एवढ्यावर बैठक आटपते. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. कोणी विचारलंच तर बाक कुठे ठेवायचा ते विचारतो, कारण मंचावर सामान म्हणजे तो एक बाक. सिंहासन तोच, कैलास तोच, मरणशय्याही तोच.

माझं काम मग सुरू होतं. कोण कुठे गाणार, कुठलं पद, कुठली पट्टी. पट्टी खरं तर विचारावी लागत नाही. थंडीच्या दिवसांत आमचे राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारे, घसा खाकरतात त्यावरून मला कळतं की आज काळी दोन चालायची नाही, अर्धा सूर उतरावं लागेल.

मराठी नाटकाचा इतिहास शिकवणारे लोक १८४३ पासून सुरुवात करतात: सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तिथून. त्या नाटकांत पदं सूत्रधार गाई आणि गद्य पात्रं आपल्या मनाने बोलत. राक्षस ‘अललडुर्र’ करत येत. म्हणजे ज्याला आपण मराठी नाटकाची सुरुवात म्हणतो, तिथेही संवाद कागदावर नव्हतेच. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं, नटाच्या हाती बांधेसूद संहिता आली आणि नाटकाची मोठी वाट तिकडे वळली. मला त्याची खंत नाही. त्या संगीत नाटकांतली पदं वाजवतच मी पेटी शिकलो, आणि आमच्या राण्या अजून त्यांच्याच चालींवर रडतात. पण आम्ही जुन्या वाटेवर राहिलो. कोणी विचारपूर्वक राहिलं असं नव्हे. लिहायला बसायला सवडच कुणाला होती?

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यातलेच काही लोक ती लपवतात. हे सगळं आयत्या वेळी सुचतं, असं जे म्हणतात ते खोटं आहे. प्रत्येक नटाकडे साठा असतो. दरबारात स्वतःची ओळख कशी करून द्यायची, राज्याचं वर्णन, पतिव्रतेचा धर्म, चार-सहा संस्कृत श्लोक, युद्धाआधीचं आव्हान. आमच्याबरोबर लागोपाठ चार रात्री बसा: अयोध्या, हस्तिनापूर आणि पाताळ या तिन्ही राज्यांतल्या वाड्यांना सोन्याचेच कळस असतात आणि तिन्हीकडे प्रजा सारखीच सुखी असते. साठा वाईट नाही. तो नसेल तर माणूस मंचावर पाय ठेवणार नाही. पण साठ्यातलं बोलणं चाललेलं असतं तेव्हा माझी बोटं आपोआप चालतात आणि डोक्यात घरच्या माडांचा हिशोब चालतो. समोरच्याने असं काही विचारलं की ज्याचं उत्तर साठ्यात नाही, तिथे मी सावध होतो.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणी शिकवत नाही पण मोडली तर रंगपटात शिव्या बसतात: मंचावर बोललं गेलं की ते झालं. परत घेता येत नाही आणि दुसऱ्याला नाकारता येत नाही. राजा निपुत्रिक आहे असं मालकांनी सांगितलेलं असताना नव्या प्रधानाने भरदरबारात ‘युवराज कुठे दिसत नाहीत’ म्हटलं, तर युवराज जन्माला आला. आता त्याला शिकारीला पाठवा, वनात हरवा, नाहीतर मारा, पण ‘युवराज? कुठला युवराज?’ असं म्हणायची सोय नाही. म्हटलं तर प्रधान मूर्ख ठरतो, आणि प्रधान मूर्ख ठरला की ज्याने तो नेमला तो राजाही ठरतो. आमच्या एका आख्यानात असा अपघाताने जन्मलेला युवराज शेवटच्या प्रवेशात संन्यासी होऊन परत आला. ते काम करायला शंखासुराचा रंग पुसून एकाला पुन्हा बसावं लागलं. वैतागत बसला, पण बसला.

वृंदा-जालंदरची एक रात्र मात्र सविस्तर सांगतो.

कथा वाचकांना माहीत असेल. जालंदर समुद्रातून जन्मलेला दैत्य. बायको वृंदा पतिव्रता. तिचं पातिव्रत्य अभंग आहे तोवर त्याला मरण नाही. शंकराशी युद्ध जुंपतं, काही केल्या तो पडत नाही, तेव्हा विष्णू त्याचं रूप घेऊन वृंदेकडे जातो. वृंदा फसते, तिकडे जालंदर पडतो, आणि खरं कळल्यावर ती विष्णूला शाप देते: दगड होशील. स्वतः जळते आणि तुळस होते. आमच्याकडे जालंदर आणि रूप घेतलेला विष्णू ही कामं दोघे वेगळे करतात. खोटा जालंदर खऱ्याचाच मुकुट घालून येतो, तेवढ्याने लोकांना कळतं.

त्या संध्याकाळी पेटारा उतरवताना जालंदर करणाऱ्याचा हात बिजागरीत सापडला. तळव्याला खोक पडली. त्याने धोतराची चिंधी फाडून गुंडाळली आणि तसाच रंगायला बसला. पहिला प्रवेश दरबाराचा, तो साठ्यावर निघाला. मग निरोपाचा प्रवेश. वृंदा करणारे आमचे स्त्रीपार्टी तेव्हा पन्नाशीला आलेले, आवाज थोडा बसलेला, पण डोळा तिखट. ओवाळायला ताम्हण घेऊन आले आणि त्यांची नजर चिंधीवर गेली. “नाथ, हे काय?” आता हा प्रश्न मुळात वृंदेचा नव्हताच. आमच्या माणसाने आमच्या माणसाला विचारलेला होता, कारण दुपारपासून ते त्याला भेटले नव्हते. पण मंचावर विचारला म्हणजे वृंदेने जालंदराला विचारला. तो म्हणाला, “कालच्या युद्धातली खूण.” वृंदेने ताम्हण खाली ठेवलं, त्याचा हात हातात घेतला, चिंधी सोडली आणि नीट, पुन्हा बांधली. बोलली काहीच नाही. मृदंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी नुसता षड्ज धरून ठेवला. पद नव्हतं, पण बांधून होईपर्यंत सूर राहिला. जालंदर युद्धाला गेला. एवढंच. कुणाच्याही मनात यापुढचं काही नव्हतं.

दोन प्रवेशांनंतर विष्णू आला, जालंदराचा मुकुट घालून. वृंदा धावत आली, पायाशी वाकली, उठली आणि तिची नजर हातावर गेली. हात स्वच्छ. मी समोरून पाहत होतो. त्या क्षणापर्यंत आमच्या स्त्रीपार्टींना चिंधी आठवतही नव्हती. हात दिसला आणि आठवली. “नाथ, हाताची जखम?”

विष्णूचं काम करणारे आमच्यातले वयाने सगळ्यांत मोठे. निरोपाच्या प्रवेशाच्या वेळी ते रंगपटात चहा घेत होते. कसली जखम, कुठली जखम, काही माहीत नाही. ते थांबले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या पायाला भाता जड लागू लागला एवढं आठवतं. मग म्हणाले, “देवी, विजय मिळाला की जखमा उरत नाहीत.”

टाळी पडली असती. पण वृंदेने टाळीला जागा दिली नाही. लगेच म्हणाली, “आणि मी बांधलेली पट्टी?”

यावर विष्णूकडे काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काही असायलाही नको होतं, कारण इथे देवाकडे उत्तर नाही हेच त्या प्रवेशाचं सत्य होतं. पण आख्यान अडलं. वृंदेला संशय आला तर ती फसणार कशी? फसली नाही तर जालंदर मरणार कसा? समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना ही कथा आमच्याहून जास्त येते, त्या पुढे सरकल्या. एकीने मोठ्याने म्हटलं, “बघ गे बाय, बघ नीट!” म्हणजे आता प्रेक्षकही वृंदेच्या बाजूने नाटकात शिरले, आणि आम्हाला तर वृंदेला फसवायचं होतं.

सोडवलं दासीने. दासीचं काम करणारा पोरगा तोवर बाकाच्या मागे नुसता उभा होता. तो पुढे आला आणि अस्सल मालवणीत म्हणाला, “बाईसाहेबांनू, धनी मरणाच्या दाडेतसून परत इले, आणि तुमी चिंधी सोदतास?” हशा उसळला. वृंदाही हसली, ती हसणारच. नवरा जिवंत परत आलेली कुठलीही बाई त्या वाक्यावर हसेल. त्या हसण्यात संशय विरघळला आणि ती विष्णूचा हात धरून आत गेली. मी पदाची उचल दिली.

शेवटच्या प्रवेशात जालंदराचं शीर येऊन पडतं आणि वृंदेला खरं कळतं. एरवी आमचे स्त्रीपार्टी इथे साठ्यातला विलाप करत, चांगलाच करत. त्या रात्री त्यांनी विष्णूकडे पाहिलंच नाही बराच वेळ. स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. पट्टी दिसली नाही तेव्हाच मला कळलं होतं, म्हणाले. मला कळलं होतं आणि मी हसले. मग शाप दिला. शाप रोजचाच, शब्द रोजचेच. पण आज ती देवाइतकीच स्वतःवरही चिडलेली होती, आणि दासी मागे तोंड लपवून उभी होती, कारण हसवलं तिने. तिला तसं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी खोबरेल लावून रंग पुसताना मी विचारलं, हे सुचलं कुणाला? स्त्रीपार्टी म्हणाले, मी चिंधी दिसली म्हणून विचारलं. विष्णू म्हणाले, माझा तर घाम निघाला. दासी म्हणाली, माका वाटला आता आख्यान मोडता. कुणालाही सुचलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्यासमोर आलेल्या अडचणीपुरतं उत्तर दिलं होतं. श्रेय द्यायचंच तर पेटाऱ्याच्या बिजागरीला द्यावं लागेल, आणि ती तर मालकांनी दुसऱ्याच दिवशी बदलून टाकली.

पुढच्या एका गावात पुन्हा हेच आख्यान लागलं. जालंदराने या वेळी ठरवून पांढरी स्वच्छ पट्टी बांधली, हात वर करून लोकांना दाखवली. वृंदेने विचारलं, विष्णूने तेच वाक्य म्हटलं, दासीने तोच विनोद केला. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं पडलं. मला कारण पेटीवर बसल्या बसल्या कळलं: वृंदेचा प्रश्न पुरा व्हायच्या आत विष्णूचं उत्तर आलं. आदल्या खेपेला ते जे शोधत थांबले होते, तेच आता उरलं नव्हतं. मग आम्ही पट्टी सोडून दिली. त्यातलं दासीचं वाक्य तेवढं राहिलं, आणि शेवटी वृंदेने स्वतःच्या हाताकडे पाहणं राहिलं, पट्टीशिवायच. आज नव्या मुलांना ते ‘जुन्या लोकांकडून आलेलं’ म्हणून सांगितलं जातं. आमच्या आख्यानांत जे जे परंपरेचं म्हणून चालतं, त्यातलं कितीतरी असंच कुणाच्या तरी ठेच लागण्यातून, विसरण्यातून, चहा प्यायला जाण्यातून आलं असणार, असा माझा दाट संशय आहे.

पेटीवाल्याचं यात काय? वाटतं त्याहून जास्त. नट पदाकडे येताना शेवटचा शब्द लांबवतो, तो ऐकून मी सूर देतो. ही झाली रीत. पण उलटंही करता येतं. मी सूर दिला की नटाला गावंच लागतं. भाषण मोकाट सुटलं असेल तर ते तोडायचा अधिकार मंचाबाहेर एकट्या माझ्याकडे आहे. हा अधिकार जपून वापरायचा असतो. एका राजपार्टीने माझ्याशी हंगामभर अबोला धरला होता, कारण त्याच्या राज्यवर्णनातून मी सोन्याचे कळस तीनदा कापले. याहून नाजूक काम म्हणजे नट अडला तेव्हाचं. तो अडलेला असताना पेटी गप्प राहिली तर लोकांना कळतं की हा अडला. खालून एक सूर धरला की तीच शांतता पात्राची होते. त्याला श्वास मिळतो, आणि समोरच्यालाही.

अडणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात फरक करायला मात्र डोळा लागतो. ऐकणाऱ्या नटाची नजर समोरच्याच्या तोंडावर असते. आपल्या वाक्याची वाट पाहणाऱ्याची नजर प्रेक्षकांकडे जाते, हनुवटी किंचित वर येते. असे दोघे समोरासमोर आले की मी पाय सैल सोडतो. आता रात्रभर फक्त पाळी लावून भाषणं होणार.

संयुक्त दशावतारात हे पुष्कळदा होतं. वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणायचे, असा तो प्रकार. पेडण्यापासून देवगडपर्यंत लोक गाड्या करून येतात. ‘लोकराजा’ म्हणून ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं ते नेरूरचे सुधीर कलिंगण हयात असताना राजपार्टी म्हणून उभे राहिले की मग काय विचारायचं. मी अशा रात्री वाजवल्या आहेत, बिदागीही चांगली मिळते. पण माझं मत विचाराल तर तिथे नाटक क्वचित होतं, सवालजवाब होतात. प्रत्येकाला आपापल्या माणसांच्या टाळीची काळजी. समोरच्याला अडचणीत टाकायचं ते त्याला हरवायला. आणि हरलेला माणूस नवं काही देत नाही, तो साठ्यात जाऊन लपतो. वृंदेनेही विष्णूला अडचणीतच टाकलं होतं, पण तिला खरोखर उत्तर हवं होतं. कागदावर दोन्ही प्रश्न सारखेच दिसतील.

कारवारच्या पलीकडे, किनारी कर्नाटकात ताळमद्दळे म्हणून प्रकार आहे. रंग नाही, वेष नाही. माणसं बसून यक्षगानातले प्रसंग नुसते बोलतात, आणि तिथेही संवाद आयत्या वेळचे. पण पद्य ठरलेलं असतं, भागवत ते गातो आणि अर्थधारी त्यावर बोलतो. वाद फार वाहवला की भागवत पुढचं पद्य उचलू शकतो. मला त्याचा हेवा वाटतो. हातात लगाम असावा तर असा. देशावर वगनाट्यातही मोकळीक होती. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके प्रयोगागणिक ताजं काहीतरी घालत. पण तिथे एक सोंगाड्या मोकळा आणि बाकीच्यांनी चौकट धरून ठेवलेली. आमच्याकडे सगळेच मोकळे, म्हणून चौकटही सगळ्यांनीच धरायची.

ट्रिकसीनबद्दल लोक मला विचारतात. धूर, अधांतरी चढणारा देव, तुटणारं शीर. त्याने तरुण पोरं येतात हे खरं, आणि ती आली नाहीत तर पुढे पेटी कुणासाठी वाजवायची? एवढंच म्हणतो की धुराच्या यंत्राला ठरलेल्या वाक्यावर बटण दाबायचं असतं, मग ते वाक्य नटाला ठरलेल्या वेळी म्हणावंच लागतं. त्या वाक्याच्या आगेमागे कुणी कुणाला काही विचारत नाही.

मोबाइलचं मात्र मला जास्त लागतं. आमच्या मंडळात एक नवा मुलगा आला आहे, नारद करतो. चुणचुणीत, गळा गोड, पट्टी पांढरी चार. सगळ्या मोठ्या नटांचे प्रवेश त्याने मोबाइलवर पाहून तोंडपाठ केले आहेत. पहिल्या काही रात्री लोक खूश होते. मी त्याला दोनदा-तीनदा मध्येच सूर देऊन तोडलं, तेव्हा तो रंगपटात आला. “मास्तरानू, माझी वाक्यां तुमी मधीच कित्याक तोडतास?” मी म्हटलं, “वाक्यां चांगली होती रे. पण तुका तसा कोणी इचारल्यान खंय?” फुगून बसला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, राजाचं काम करणाऱ्या काकांकडे गेला आणि म्हणाला, “काका, आज माका कायतरी येगळा इचारा.”

काकांनी विचारलं. नारद नेहमीच्या डौलात आला, वीणा छेडली, नारायण नारायण केलं आणि कळ लावायला तोंड उघडणार, एवढ्यात राजा बाकावरून उठून म्हणाला, “देवर्षी, आपण जेवलात का?”

पोरगा थिजला. मोबाइलमध्ये हे नव्हतं. मी सूर धरला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग सावकाश म्हणाला, “राजा, तिन्ही लोकांत सगळे मला बातमी विचारतात. जेवलास का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

पुढे बसलेल्या बायकांनी ‘च्च’ केलं. पण राजाने विचारलं म्हणजे आता जेवू घालणं आलं. राणीला बोलावणं गेलं, नोकराने पान मांडलं, राणीने आग्रह केला, नारदाला दुसऱ्या वाढीला संकोच झाला, आणि ज्या घरात आपण जेवलो त्या घरात कळ कशी लावायची, या पेचात तो असा काही अडकला की काका आणि त्याच्यात पाऊण तास रंगला. त्या आख्यानात जेवणाचा प्रवेशच नाही. कळ शेवटी लागली, नोकराकडून. मालक आडोशाला उभे राहून घड्याळ दाखवत होते, मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. खेळ संपवणारी पहाटेची दहीहंडी त्या दिवशी उजाडल्यावर फुटली, मानकरी चिडले, आणि रंग पुसता पुसता मालकांनी सगळ्यांना बजावलं की उद्यापासून नारद जेवूनच येतो.